उड्यांचा आवाज

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी शाळेतले खेळाचे सर आणि एका विद्यार्थ्याची आई नंबरची वाट बघत बसले होते.

“ताई, घोटा कसा मुरगळला?”

“उड्या मारताना, सर. तुमच्याच ऑनलाइन तासाला.”

“पण तास तर तुमच्या मुलाचा ना?”

“तो अंथरुणातून उठेल तर शपथ! तुम्हीच म्हणालात, कॅमेरा बंद असला तरी चालेल, पण उड्यांचा धपधप आवाज आला पाहिजे.”

“म्हणजे तो आवाज तुमचा?”

“खालच्या मजल्यावरचे भांडायला आले, तरी थांबले नाही मी.”

“अहो, त्या आवाजावर मी त्याला संघाचा कप्तान केलंय! आता शाळा उघडलीय, उद्या सामना आहे.”

“अगंबाई! मग हो?”

“मग काय! डॉक्टरांना विचारा, उद्यापर्यंत पळता येईल का तुम्हाला.”