नोकरीचं पान

वर्तमानपत्राच्या नगरच्या कचेरीत, छोट्या जाहिरातींच्या खिडकीपुढे विमल तुपे उभी होती. पत्ता तपासल्याशिवाय नोकरीची जाहिरात छापू नका, असा अर्ज तिच्या महिला मंडळानं मे महिन्यात लिहिला होता. सह्या जमवता जमवता शहाण्णव सालचा डिसेंबर उजाडला. तिच्या पुढे कोल्हारचं एक जोडपं होतं.

"साहेब, पोरगी हरवली," त्यातला माणूस म्हणाला. "मंदा. वय एकोनीस."

"कधीपासून?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"गनपतीत मुंबईला गेली. तुमच्याच पेपरात हुतं, दवाखान्यात मुली पाहिजेत, ऱ्हायाची सोय."

"पत्ता असेल ना?"

"जाऊन आलो. तितं दवाखानाच न्हाई. शेजारचे मनले, तुमच्यासारखे लई जन येऊन गेले."

"तिला जायाचंच न्हवतं, दादा," बाई म्हणाली. "दोन दिवस जेवली न्हाई."

विमलनं पिशवीतला अर्ज काढला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"बरं. 'हरवले आहेत' मध्ये टाकतो. फोटो द्या."

"तितं नगं. नोकरीच्या पानावर टाका."

"काका, तिथं हरवलेल्यांचं छापत नाहीत."

"पन दुसऱ्या पोरींचे बाप तेच पान वाचत्यात, साहेब."

कारकुनानं कोरा कागद पुढे ओढला.

"सांगा. काय लिहू?"

"मंदाचं नाव लिवा," तो माणूस म्हणाला. " गावाचं लिवा. आन् खाली लिवा, जाहिरात बापानंच कातरून दिली हुती."