नसलेल्या बहिणीचं लग्न

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या लग्नविषयक संकेतस्थळाचे संचालक आदरणीय सलिल सर, ज्यांच्या मंगल कार्यालयात आपण जमलो आहोत ते प्रमुख पाहुणे सुजितराव, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आमच्या संपादक मृदुलाताई, आणि दिघीपासून तळेगावपर्यंत ठिकठिकाणांहून आलेल्या वाचक भगिनींनो, सर्वांना योगिनीचा नमस्कार.

ताईंबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला उभं केलं आहे.

पिंपळे गुरवला आमच्या घरी लोक स्थळांची चौकशी करायला यायचे. शेजारचा मुलगा कसा आहे, पितो का, कामावर नीट जातो का? ते गेले की आई मला सांगायची, "माहीत नाही ते माहीत नाही म्हणावं. आपल्या शब्दावर कुणाची तरी मुलगी त्या घरात जाणार असते." माझी पहिली शाळा ती. दुसरी ताईंची. "जाहिरातीवरच आपलं चालतं, त्यात लाजायचं काय? पैसे घे, पण वर 'जाहिरात' असं लिही. वाचणारीला कळू दे," असं त्या म्हणायच्या. सुजितराव, मान डोलावलीत, आभारी आहे.

आणि मी काय शिकले? गेल्या महिन्यात याच कार्यालयावर लेख लिहिला. 'माझ्या बहिणीचं लग्न इथं झालं, वरच्या खोल्या पाहून वऱ्हाडी खूश झाले.' लेखाचे पैसे सुजितरावांनी दिले होते. ताईंनी वर 'जाहिरात' लिहिलं. सलिल सर, ते काढायला आपण सांगितलंत, काढलं मी. ताईंनी राजीनामा दिला. निमंत्रणावर मात्र 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं छापलं आहे. ताईंची प्रकृती कशी आहे, ते आपल्याला दिसतंच आहे. उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर मी बसायचं, असं ठरलं आहे.

मघाशी चहाच्या वेळी दिघीच्या दुर्गाबाईंनी माझा हात धरला.

"तुमचं वाचूनच लेकीसाठी हे कार्यालय धरलं बगा. भैन सुखात हाय न्हवं सासरी?"

"हो, सुखात आहे."

"पोरबाळ?"

"अजून नाही."

"व्हईल, व्हईल. तुमी नगा काळजी करू," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दुर्गाबाई, मला बहीण नाही. मी एकुलती एक. वरच्या खोल्याही मी पाहिलेल्या नाहीत; आलेले फोटो बघून लिहिलं. मघाशी तुमच्या तोंडावर पुन्हा खोटं बोलले, त्याचे तर कुणी पैसेही दिले नव्हते.

ताई, तुमच्या दिवशी मी स्वतःबद्दलच बोलत बसले. तुमच्याकडे बघायची लाज वाटते. सलिल सर, इथून निघण्यापूर्वी त्या लेखावर 'जाहिरात' पुन्हा लावते आणि बहिणीचं वाक्य खोटं होतं, असं खाली माझ्या नावानं लिहिते. हे चालणार नसेल, तर ती खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांची ऋणी आहे. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. पानं वाढायला अजून अवकाश आहे. सुजितराव, वरच्या खोल्यांच्या किल्ल्या देता का? दुर्गाबाई, चला, आपण दोघी पाहून येऊ.