पेशी कुठे गेल्या?

दोष रफीकमामूचाच! उगाच त्या डॉक्टरीणबाईंना बोल लावू नका. त्या बिचाऱ्या पुण्याच्या, आणि तोच घोटाळा झाला, तुम्हाला सांगतो... जेद्दात मराठी बोलणारं माणूस भेटलं की मामू विरघळतो, हातात असेल ते देऊन टाकतो. त्या दिवशी हातात भाचा होता!

झालं असं, की बलदच्या जुन्या बाजारातल्या मामूच्या दुकानात हाजींच्या इहरामच्या कापडाचे गठ्ठे उचलताना माझा गुडघा गेला. इस्पितळात या डॉक्टरीणबाई, सुनीताबाई, म्हणाल्या, एक प्रयोग चाललाय, तुझ्याच हाडातून मूळपेशी काढू, त्यांच्यात लोखंडाचे अगदी सूक्ष्म कण भरू, नॅनो म्हणतात ते, आणि गुडघ्यात सोडू. मग एमआरआयमध्ये काळे ठिपके दिसतात, पेशी कुठे गेल्या ते कळतं. फक्त दीड वर्षं इथेच राहावं लागेल.

आता मला पावसाळ्याआधी कायमचं गावी जायचं होतं. हर्णैला माझा दोस्त झयान होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, निम्मी भागीदारी माझ्यासाठी राखून बसलेला. मामूला ठाऊक होतं हे! बाई मला विचारतायत, "चालेल ना? मधेच सोडलंस तरी हरकत नाही." मी तोंड उघडतोय तोवर मामू, "छे हो बाई, आपल्या माणसाला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. आणि हा काय सोडणार? कॉलेज सोडून झालंय त्याचं."

सही का केली म्हणता? इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मामूच्या ओळखीवर, जेवण मामीच्या हातचं, समोर मामूचे डोळे... तुम्ही काय केलं असतंत? पेशी कुठे गेल्या ते कळायला हवं ना!

घरी मुन्नीमामीने फ्रिजवरची चुंबकं काढून ठेवली, पोरगा चिकटायला नको. मामू गिऱ्हाइकांना सांगतो, याच्या अंगात लोखंड आहे, कुठेही गेला तरी इस्पितळात दिसतो. चार पावलं समुद्रावर गेलो की फोन, "उसामा, कुठे आहेस?" अरे, तुला दिसतोय ना मी?

सुनीताबाई दर खेपेला विचारतात, सोडायचंय का? दर खेपेला उत्तर मामू देतो. इकडे झयान विचारतोय, किती थांबू? त्याला काय सांगू, पेशी कुठे गेल्या ते कळायला हवं? शेवटी त्याने मेव्हण्याला घेतलं.

परवा तिसरा एमआरआय झाला. बाईंनी खुशीत पडदा आमच्याकडे वळवला. "बघ, जिथे सोडल्या तिथेच आहेत!"

मामूची छाती फुगली. "आमच्या घरचं रक्त आहे, बाई. एकदा बसवलं की हलत नाही."

गुडघा बरा आहे. हर्णैची भागीदारी गेली.