लोरेटाबाईंची जन्मतारीख

डेट्रॉइटच्या लॉन्ड्रीत टाशा कपडे वाळायची वाट बघत बसली होती. शेजारी लोरेटाबाई फोनचा स्पीकर लावून क्रेडिटवाल्यांशी भांडत होत्या. त्यांचा होणारा नवरा वेंडेल बाजूलाच बसला होता.

“कुण्या भामट्यानं माझ्या नावावर हप्त्यानं सोफा उचललाय. आता माझ्या नावानं कुणालाच उधारी मिळायला नको. क्रेडिट गोठवून टाका.”

“गोठवते, मॅडम. जन्मतारीख सांगा.”

“वेंडेल, बाहेर जाऊन गाडी बघून ये.”

“इथूनच दिसतेय.”

“मग कोक आण.”

“महिन्याभरात लग्न आहे आपलं. वय काय लपवतेस?”

“मॅडम, तारखेशिवाय गोठवता येत नाही.”

लोरेटाबाई फोनला तोंड लावून कुजबुजल्या.

“एकोणीसशे छप्पन्न? बरोबर?” फोन खणखणीत आवाजात बोलला.

“बरोबर आहे, ताई,” वेंडेल म्हणाला. “हिच्या बहिणीनं साखरपुड्यालाच सांगितलंय मला.”

“बाई गं, त्या बहिणीचं तोंडपण गोठवता येतं का बघ,” लोरेटाबाई फोनवरच्या बाईला म्हणाल्या.