काजीची फांदी

नाही हो साहेब, पात्रांव, उभ्याउभ्या नको, बसा — ते कदेल घ्या, खुर्ची हो, एक पाय डुगडुगतो त्याचा, पण माणूस बसला की सरळ होतं. मैदानाला तीन फेऱ्या मारल्या म्हणता? मारणारच. एवढ्या गाड्या पेडण्यात आम्ही जत्रेला सुद्धा बघितल्या नाहीत. पहाटे पुण्याहून निघायचं, आणि इथं पोचल्यावर गाडीला जागा नाही — आणि पोरगी तुमची पाच वाजता नाचायला उभी राहणार! बायको तिला घेऊन पुढे गेली ना? मग झालं. आणि गाडी लागली ना तुमची? मागच्या वाटेनं आलात, काजूच्या झाडांतून, ह्या काजींमधून — तरीच फाटकावर मला दिसला नाहीत. असू दे, जमीन माझीच ती, बाबाजीची, कोरगावात कोणालाही विचारा. काजींपलीकडून तो घुर्रघुर्र आवाज येतोय, तो तुमच्याच गाडीचा? हां — आई बसलीय आत, एसी लावून. बरं केलंत. गुडघे दुखतात तर म्हातारीला चढावर कशाला चालवायचं, निजू दे.

लागले बघा वाजवायला. कार्यक्रमाला अजून वेळ आहे, पण भोंगे तपासतात म्हणे — आता कोणाचं कोणाला ऐकू येणार नाही. जरा मोठ्यानं बोला. आणि हात कसला पुसताय मघापासून? चीक? तो काजीचा, रुमालाने जायचा नाही, हे खोबरेल घ्या, चोळा. वाटेत फांदी घासली असेल. हा सगळा कातळाचा सडाच तसला — वर बोटभर माती, खाली चिरा, आणि मध्ये कशी कोण जाणे काजी. माझ्या बापानं जन्मभर इथं चिरे काढले. गावातली अर्धी घरं आमच्या चिऱ्यांची. — खाण? होती. बुजवली. आता तुम्ही बघितलीत तरी कळायची नाही, गवत आलंय वर. सगळ्या जमिनीत सपाट जागा तीच, सावली पण तिथंच. वीस हात खोल होती हो, तळाला बारमास पाणी. कार्यक्रम करणाऱ्या मैदानवाल्यांचा माणूस आला — बाबाजी, आठ दिवसांत गाड्यांना जागा पाहिजे. मी म्हटलं, होईल. का म्हटलं? त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, चार लोकांसमोर बाबाजीशेठ म्हटलं — झालं, आपण फुगलो.

विठू टिपर चालवायचा. विठू म्हणजे माझा धाकटा भाऊ. डिचोलीहून माती आणून सात दिवस ओतली त्यानं, खाण अर्धी सुद्धा भरेना. आठव्या दिवशी — हे तुम्हाला कशाला सांगतोय मी, तुम्ही पाव्हणे — आठव्या दिवशी काजी तोडल्या, उरलेला खड्डा फांद्यांनी भरला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर हातभर माती, पाणी मारून चोपली. विठू म्हणाला, दादा, हे बरं नव्हे. मी म्हटलं, गाड्या हलक्या असतात रे. आणि कागदावर सही केली, जमीन घट्ट आहे म्हणून. — टिकली की! त्या वर्षी बारा गाड्या उभ्या होत्या तिच्यावर, कोणाला काही झालं नाही. पण फांद्याच त्या, पाऊस प्याल्या, आतल्या आत कुजल्या. दुसऱ्या वर्षी विठू म्हणाला, आधी टिपर घालून बघतो, कुठं खचलीय का. मी इथंच होतो, ह्याच जागेवर. मागचं चाक आधी गेलं. मोठा आवाज झाला असेल असं वाटतं ना तुम्हाला? काही झाला नाही हो. टिपर घुर्रघुर्र चालू होता, आणि मग नव्हता. एवढंच. टिपर त्याच दिवशी वर काढला. विठूला दोन दिवसांनी. सही माझी आणि गेला तो — मालती, त्याची बायको, अजून माझ्याकडे मान वर करून बघत नाही.

परत बुजवली, हो. कशी ते विचारू नका.

कुंपण? तुम्ही पण तेच म्हणालात. कुंपण घातलं की माणूस विचारतो, कुंपण कशाला — मग काय सांगू, सहीचं सांगू? फांदीला कोण काही विचारत नाही. आमच्याकडे वाट खचली, ओढ्यावरचा साकव मोडला, की मध्यभागी हिरवी फांदी रोवून ठेवतात. आमचा माणूस लांबून बघतो आणि वळतो. दोन वर्षं झाली, मी रोज सकाळी ताजी रोवतो, सुकलेली दिसता कामा नये म्हणून. आजची पण सकाळीच तोडली, चीक गळत होता तिचा —

हात बघू तुमचा.

बघू म्हणतो ना! — वाटेत घासली नाही? मग? — उपटलीत? सावली बरी दिसली, मधोमध फांदी खुपसलेली, कोणीतरी जागा धरून ठेवली असेल असं वाटलं — उपटून बाजूला टाकलीत आणि गाडी तिथं — रावा! रावा! थांबा, धावू नका, तुमचं वजन तिथं नको! हाक मारू नका आईला, दार उघडून पाय खाली टाकेल ती. नाव काय तिचं? जानकी. बरं. मी जातो, पाय कुठं ठेवायचा ते मला ठाऊक आहे. तो डोक्यावरच्या मांडवाचा दोर सोडा, अख्खा सोडा, गाठ कापा — आणि ती भोंग्यांची धडधड, कदेलाच्या पायांतून वर येतेय बघा, जमिनीतून येतेय — कोणीतरी जाऊन सांगा रे त्यांना, बंद करा म्हणून —

हां. भोंगे थांबले. आपणहून थांबले. बरं झालं, आता ती घुर्रघुर्र ऐकू येईल.

पात्रांव, गाडी चालू ठेवली होती ना तुम्ही?