गुरम्माचं ब्लॉक

...आणि वर बायको मलाच म्हणते, "नाही म्हणायला काय जातं माणसाचं?" आता तुमीच सांगा, उभा जन्म चादरीच्या दुकानात काउंटरला घालवलेला माणूस मी. ढीगभर चादरी उलगडून दाखवायच्या आणि गिऱ्हाईक "बघून येतो" म्हणत चप्पल शोधायला लागतं, तेव्हा त्या सगळ्या परत घड्या घालताना कसं वाटतं ते मला ठाऊक! मी कुणाला तोंडावर नाही कसं म्हणू? काँप्युटरवर एक चौकोन येतो, बिचारा अदबीनं विचारतो, परवानगी द्याल का... अहो, इतक्या अदबीनं आमच्या घरात मला चहासुद्धा कुणी विचारत नाही! दिली परवानगी. काय चुकलं?

तर झालतं काय, मला एक फुकट पंचांग सापडलं काँप्युटरवर. ते विचारत गेलं, पुढं जाऊ? जा. पुढं जाऊ? जा की बाबा. पंचांग आलं, पण एकटं कुटं यायला, त्याच्यासंगं बिनबोलावलेलं अख्खं वऱ्हाड आलं! खालच्या कोपऱ्यात कर्ज घ्या, वरती गुडघ्याचा पट्टा, आणि मधोमध मूळव्याध. एक जाहिरात बंद केली की दोन उघडायच्या. एकादशी कधी हाय बघायला गेलो की आधी मूळव्याध, मग एकादशी! तरी मी म्हटलं, असू दे, त्यांचं पण पोट हाय.

पण मग पायलचं झालं. पायल म्हणजे आमची एकुलती एक. नोकरीसाठी पुण्याच्या एका कंपनीनं तिची मुलाखत घेतली, आमच्या ह्याच काँप्युटरवर. पोरीनं रात्रंदिवस राबून तक्ते केलते, ते ती तिकडच्या साहेबलोकांना पडद्यावर दाखवालीय, सगळं झकास चाललंय... आणि तक्त्याच्या बरोबर मधी उगवली की जाहिरात, "मूळव्याध? आता लाजू नका!" चित्रासकट! पुण्याचे साहेब लाजले, पायल लाजली, नोकरी गेली. पोर रडली हो. मला लई वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. आणि गुरम्मा, म्हणजे आमची मंडळी, दारात उभी राहून मला म्हणते, "नाही म्हणायला काय जातं माणसाचं?"

गुरम्मा तुमाला माहीत नाही. मिक्सरवाला, वर्गणीवाला, तुमचं पाणी फुकट तपासून देतो म्हणणारा, आमच्या गावच्या सगळ्या शुक्रवार पेठेतनं निवांत फिरतात आणि आमचं दार आलं की चाल वाढवतात! ती ओरडत नाही, भांडत नाही. पदराला हात पुसत नुसतं "नको" म्हणते. त्या एका "नको"त समोरच्याला कळतं, की आपण ही गल्लीच चुकलो.

तर त्या दिवशी गुरम्मा मला म्हणाली, "सरा." खुर्चीवर ती बसली, शेजारी पायल. पहिल्यांदा माझं पंचांग काढलं. मग त्याच्यासंगं आलेले एकेक पाहुणे हुडकून काढले. मग परवानग्यांची यादी उघडली तर ती खाली सरकतीय, सरकतीय, संपतच नाही... पायल म्हणती, "पप्पा, इतक्या जणांना तुमी हो म्हणालाव?" सगळ्यांना घालवलं, आणि आईला शिकवलं, हितनं पुढं कुणी काय विचारलं की हे बटन दाबायचं, ब्लॉक.

झालं! गुरम्माला काय, तेवढंच पाहिजे होतं. शेंगा निवडायचं सूप घेऊन ती काँप्युटरपुढंच बसायला लागली. चौकोन आला, ब्लॉक. शेंग. चौकोन आला, ब्लॉक. शेंग. पडदा कसा सारवलेल्या अंगणासारखा झाला, कबूल करतो. पण सांगोल्याच्या तिच्या भावानं नातवाच्या बारशाचे फोटो बघायला लिंक पाठवली, तिनं पण काहीतरी परवानगी मागितली, तर हिनं तीबी ब्लॉक केली! मी म्हटलं, अगं, तुझा सख्खा भाऊ हाय. तर म्हणते, "सख्खा हाय तर विचारतोय कशाला?"

आणि मग पायलची दुसरी मुलाखत आली. कंपनी दुसरी, साहेब दुसरे, पुणं तेच. पोर आतमधी केस विंचरालीय, गुरम्मा पहाऱ्याला बसलीय, मी बाहेर फेऱ्या मारतोय. वेळ झाली, आणि पडद्यावर चौकोन आला, तुमचा कॅमेरा वापरू का, आवाज ऐकू का... गुरम्मा म्हणाली, "अगं बया, आता आमच्या घरात डोकावतोस व्हय?" ब्लॉक!

पायल येऊन बसली. नमस्कार करतीय, बोलतीय, हसतीय. तिकडनं साहेब म्हणतात, आमाला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आपण नंतर कधीतरी बघू... तुमाला सांगतो, "नंतर बघू" म्हणजे काय ते चादरवाल्याला विचारा! पायलचं तोंड पांढरंफटक. "आई, काय दाबलंस?" "ब्लॉक." पोरीनं कुटल्या कुटल्या खिडक्या उघडून ती परवानगी परत दिली, दिसायला लागली, आणि खरं ते सांगून टाकलं, "सॉरी सर, आईला वाटलं तुमी जाहिरात हाव."

साहेब हसले, आणि म्हणाले, आईंना बोलवा. विचारलं, तुमी जाहिरात का बंद करता? मी खुणा करतोय, गप बस, गप बस. गुरम्मा गप बसंल? पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "न बोलावता येता, मधीच येता, आणि जे दुखत नाही त्याचं औषध सांगता. दार कोण उघडंल?"

पायलनं हळूच आईची खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाली, सर, माझे तक्ते ह्याच्यावरच हायत. आणि दाखवले की तिनं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधी एक माशीसुद्धा उगवली नाही! नोकरी लागली! पेढे वाटताना मी विचारलं, बाळा, काम काय करायचं? म्हणाली, "पप्पा, लोकांच्या काँप्युटरवर जाहिराती पाठवायच्या."

पायल पुण्याला गेली. घर कसं खायला उठलं. आणि परवा बघतो तर काय, चौकोन आला, परवानगी द्याल का... आणि गुरम्मानं दिली! दुसरा आला, दिली! जाहिरात लागली टकलावर केस उगवायच्या तेलाची, आणि ही हनुवटीला हात लावून शेवटपर्यंत बघत बसली. मी म्हटलं, अगं, ब्लॉक कर की, नाही म्हणायला काय जातं माणसाचं? तर पडद्यावरची नजर न काढता म्हणते, "असू द्या. आपल्या पायलनं पाठवली असंल तर?"

हिनं मागवलेलं तेल काल आलं. केस माझे हे बघा, हाताला धरून ओढा, एक निघणार नाही... तरी रोज सकाळी चोळून घेतोय.