एक वाजून वीस मिनिटं

हॅलो?… हो, ताईच बोलतेय. हळू बोल जरा… अगं, ऑफिसात नाही, जुन्या फायलींच्या खोलीत आहे. आतून कडी लावलीय.

चिमे, आपलं पत्र इथे आलं… इथे म्हणजे इथे, कॉलेजात! तुमच्या हॉस्पिटलची दोन माणसं घेऊन आलीत. प्राचार्यांच्या टेबलावर पडलंय… हो, तेच. मुदत संपलेल्या औषधांवर नवी लेबलं चिकटवतात, तेच.

सही नव्हती, माहितेय मला. हातमोजे घालून घडी घातली, थुंकी नको म्हणून पाकीट पाण्याने चिकटवलं, पार चौथ्या गल्लीतल्या पेटीत टाकलं… सगळं केलं गं! कागदच चुगलखोर निघाला.

ऐक ना… अगं, ऐक. आमचं रंगीत मशिन प्रत्येक पानावर पिवळे ठिपके सोडतं. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांच्यातल्या एकाने निळ्या उजेडाची बॅटरी धरली आणि… हो, मी पाहिले. फाईल द्यायच्या निमित्ताने गेले होते. पानभर पुरळ उठल्यासारखे. त्यात मशिनचा नंबर, तारीख, वेळ. एक वाजून वीस मिनिटं… छे, कोण सांगतंय आम्हाला! सहा वर्षं त्यावरच काढतेय मी सगळं. बाबांचे रिपोर्ट, तुझे अर्ज… माझे घटस्फोटाचे कागदसुद्धा. सगळ्यावर असणार.

हो, काळं-पांढरं शेजारीच होतं. मीच म्हटलं, रंगीत काढू. तुझ्या फोटोंमधली लेबलाखालची लाल तारीख काळ्यात दिसतच नव्हती… रडू नकोस. तुला कुणी धरलेलं नाही… मलाही नाही. तेच तर सांगायचंय.

शिपाईकाकांना धरलंय.

अगं, जेवणाच्या सुट्टीत ऑफिसची किल्ली त्यांच्या नावावर असते. आम्ही बाहेर गेल्याची सही करतो आणि मागच्या खोलीत डबे उघडतो. वर्षानुवर्षं… हो, त्या दिवशीही. काका पाणी भरायला गेले, तेवढ्यात मी छापलं. वहीप्रमाणे आत एकटे काका.

त्यांना ते मशिन चालूसुद्धा करता येत नाही गं… सांगितलं ना त्यांनी! वर म्हणाले, "विचारा हवं तर बाईंना." माझ्याकडे बघून. आणि मी… मी मान खाली घातली आणि इथे येऊन बसले. लाज वाटते मला.

चार महिने राहिलेत त्यांच्या निवृत्तीला.

काय?… नाही, "गप्प बस" म्हणू नकोस… हो, कळतंय. आडनाव एकच, माझ्यामागोमाग तुझंही नाव निघणार. पण मग तू ते लिहिलंस कशाला? वॉर्डातल्या बाळांसाठीच ना?… हो… हो, मलाही भीती वाटतेय.

थांब, दार वाजतंय… काकाच आहेत. धर जरा.

काय काका?… बघू… चष्मा घरी राहिला? हं, वाचते मी…

चिमे… जबाब आहे, काकांच्या नावाने छापलेला. "पत्र मीच छापले." खाली सहीला जागा सोडलीय. म्हणतात, बाई, काय लिहिलंय ते तेवढं वाचून सांगा, मग सही करतो…

कागद गरम आहे अजून. आमच्याच मशिनचा.

नाही काका, करू नका. द्या तो कागद इकडे… चला, मी येते तुमच्याबरोबर प्राचार्यांकडे.

चिमे, ते लेबलांचे फोटो आजच बाहेर कुणाकडे तरी देऊन ठेव… नाही गं, आता नको बोलूस. ठेवते.